गिरमिटाचं टोक

आमच्या मुलीला आम्ही चिमणी म्हणतो. सातव्या महिन्यात जन्मली, ओंजळीत मावेल एवढी होती, म्हणून ते नाव पडलं. आता ती छत्तीस वर्षांची आहे. आठ फुटी फळी एकटीनं खांद्यावर घेऊन यायची, तरी नाव तेच. गल्लीत कुणाच्या दाराची कडी ढिली झाली की बाहेरून हाक यायची, "चिमणीताई आहे का घरात?" लग्न तिनं केलं नाही. आम्ही पाच-सहा वर्षं विचारलं, मग विचारायचं थांबलो.

आमचे हे सुतार. पुढच्या खोलीत कारखाना आणि मागच्या खोलीत माझा ओटा. कारखाना म्हणायचं आपलं, दोन बाकं, करवतीचं एक यंत्र आणि भिंतीला टेकवलेल्या फळ्या, बस. मधलं दार ह्यांनी केव्हाच काढून कुणाच्या तरी कपाटाला वापरून टाकलं. सुताराच्या घराला दार नाही, ही आमच्याकडची जुनी थट्टा. त्यामुळे भाजी चिरता चिरता मला पुढचं सगळं दिसतं. चव्वेचाळीस वर्षं बघते आहे. हातात रंधा धरलेला नाही, पण लाकूड नीट कापलं जातंय की फाटतंय, ते मला आवाजावरून कळतं.

चिमणी लहानपणी बाकाखाली खेळायची, मोठी झाली तशी बाकावर आली. बापाच्या हाताखाली वीस वर्षं काम केलं तिनं. तीन वर्षांपूर्वी ह्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या कपात लाटा, मग सही वाकडी, मग पटाशी धरता येईना. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. वाढायचं मंदावेल, जाणार नाही, असं सरळ सांगितलं. तेव्हापासून बाक चिमणीचं झालं आणि हे भिंतीकडच्या स्टुलावर बसायला लागले. हात गेला तरी तोंड शाबूत होतं. "अगं, उलट्या रेषेनं रंधा मारतेस, लाकूड रडतंय." ती म्हणायची, "बाबा, लाकडाचे डोळे पुसा तुम्ही, मी येतेच." असं दिवसभर चालायचं.

ह्यांच्याकडे जीवापाड जपलेली एकच वस्तू होती, गिरमिटाची पाती. गिरमिट म्हणजे भोकं पाडायचं जुनं हत्यार. वर लाकडी मूठ, मधे वाकडा दांडा, खाली पातं पकडणारा जबडा. मूठ छातीशी दाबायची आणि दांडा गोल फिरवायचा, पीळ असलेलं पातं लाकूड खात आत जातं. ह्यांच्या उस्तादांनी काम सोडताना गिरमिट आणि त्याची तेरा पाती ह्यांच्या हवाली केली होती. पाव इंचापासून एक इंचापर्यंत, जाड कापडाच्या गुंडाळीत, प्रत्येकाला वेगळा कप्पा. आमच्या लग्नात आलेली भांडी कुठे कुठे गेली, मला आठवत नाही. पाती मात्र तेराच्या तेरा होती.

गिरमिट नव्हतं राहिलं. गेल्या वर्षी ह्यांनीच ते हट्टानं उचललं, हात थरथरला, फरशीवर पडलं आणि जबडा तडकला. चिमणीनं जुन्या बाजारात दोन-तीनदा जाऊन शोधलं. एक मिळालं, ते पातं धरायचं पण फिरवलं की सोडायचं. हे म्हणाले, "जाऊ दे, माझ्यासारखंच आहे ते." तिथे तो विषय संपला.

मग शाळेचं काम आलं. मोठ्या शाळेच्या व्यायामशाळेत भिंतीला लाकडी शिड्या असतात ना, मुलं लटकायला वापरतात, त्या. तीन शिड्या. ओल लागून उभे खांब खालून कुजले होते, पण आडवे दांडे चांगले होते. तीस-चाळीस वर्षं मुलांच्या तळहातांनी घासून काचेसारखे गुळगुळीत झालेले. व्यायामशिक्षक स्वतः आले, सभ्य माणूस. म्हणाले, "खांब नवे करा, दांडे हेच ठेवा. असे दांडे आता मिळत नाहीत." प्रत्येक खांबाला चौदा भोकं, असे सहा खांब. चिमणीनं हौसेनं काम घेतलं.

अडचण भोकांचीच निघाली. दांड्यांची टोकं बरोबर एक इंचाची. बाजारातली पाती मिलिमीटरमधली. एक घट्ट बसायचं, दुसरं ढिलं. एक चपटं पातं तिनं आणलं, त्यानं भोक खरबडीत झालं, आणि दांडा त्यात खुळखुळ वाजायला लागला. हे स्टुलावरून बघत होते. उठले, कापडाची गुंडाळी काढली आणि शेवटच्या कप्प्यातलं एक इंचाचं पातं तिच्यासमोर ठेवलं.

"हे बरोबर बसेल," म्हणाले.

"बसेल हो, पण फिरवू कशानं?"

तिनं ते विजेच्या ड्रिलमध्ये घालून बघितलं. गिरमिटाच्या पात्याची शेपटी चौकोनी आणि निमुळती असते. ड्रिलला पकडायला तीन दात. चार कोपऱ्यांना तीन दातांनी धरायचं म्हणजे तीन माणसांनी चौकोनी टेबल उचलण्यासारखं. पातं वेडंवाकडं फिरलं आणि सुटून खाली पडलं. ह्यांनी डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी चिमणी हत्यारांच्या दुकानात गेली. परत येऊन जेवताना तिनं सगळं सांगितलं. दुकानदार म्हातारा होता, जाणकार होता. त्यानं सांगितलं होतं की चौकोनी शेपटी कापून टाका, खालचा भाग गोल आहे, तो ड्रिलमध्ये बसतो. आणि पात्याच्या टोकाला जो छोटा स्क्रू असतो, त्याचे आटे कानशीनं घासून सपाट करा. हातानं फिरवताना तो स्क्रू पात्याला लाकडात ओढून नेतो, म्हणून जोर लावावा लागत नाही. पण विजेच्या वेगात तोच स्क्रू पातं इतक्या झपाट्यानं आत खेचतो की ड्रिल हातातून फिरतं.

हे दोन दिवस बोलले नाहीत. माझ्याशी नाही, तिच्याशी नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना म्हणाले, "शेपटी काप."

चिमणीनं पातं शिकंज्यात आवळलं. कापताना हे स्टूल वळवून भिंतीकडे तोंड करून बसले. शेपटीचा तुकडा खाली पडला तेव्हा टण् असा छोटासा आवाज झाला. मग तिनं पातं उलटं धरलं आणि कानस हातात घेतली, तसे हे वळले.

"टोकाला हात नको लावूस."

"बाबा, दुकानदार म्हणाला होता..."

"दुकानदार विकतो, काम करत नाही. टोक म्हणजे पात्याचा जीव आहे. शेपूट कापलेलं जनावर जगतं, नाक कापलेलं नाही जगत. तू हळू चालव, काही होत नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी काय बोलणार? मला वाटलं, एक गोष्ट तर ऐकली ना त्यांनी, आता दुसऱ्या गोष्टीवरून कशाला दुखवायचं? मी मान हलवली. राहू दे, अशी. चिमणीनं कानस खाली ठेवली.

हे मी मुद्दाम सांगते आहे. नंतर घरात ज्यानं त्यानं दोष आपल्याकडे ओढून घेतला, पण माझी मान कुणाला आठवली नाही. मला आठवते.

पहिले दोन खांब इतके सुरेख झाले की विचारू नका. सरळ, स्वच्छ भोकं, आतून पॉलिश केल्यासारखी. लाकडाच्या कुरळ्या सालींचा बाकाखाली ढीग झाला. चिमणीनं एक दांडा घेतला, मोगरीनं एकदा टक् केलं आणि दांडा आत जाऊन बसला. हलेना, डुलेना. ह्यांनी भोकात बोट फिरवून बघितलं. थरथरणारं बोट त्या गोलात शिरल्यावर थोडा वेळ थांबल्यासारखं वाटलं मला. हे हसले. "बघ. चाळीस वर्षांचं पातं आहे." तीन वर्षांत मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं.

तिसरा खांब अकराच्या सुमाराला लावला. ड्रिलला एक आडवी मूठ असते, दुसऱ्या हातानं धरायची. ती शिकंज्याला अडत होती म्हणून तिनं काढून ठेवली होती. आणि प्रत्येक भोकाला वेळ लागतो, बोट दुखतं, म्हणून तिनं चालू बटण दाबून अडकवून ठेवलं होतं. तशी सोय असते त्या यंत्राला. चार भोकं झाली. मी आत कांदा चिरत होते.

आवाज बदलला. सरळ चालणारा आवाज एकदम जाड झाला, घशात काहीतरी अडकल्यासारखा. मी मान वर केली. खांबात गाठ होती. वरून दिसत नव्हती. स्क्रूनं पातं गाठीत खेचलं, पातं तिथेच रुतून बसलं, आणि पात्याला फिरता येईना तसं ड्रिलच फिरलं. चिमणीचा हात त्याच्यासोबत गेला. ड्रिलची मागची मूठ तिच्या मनगटासकट लोखंडी शिकंज्यावर आदळली आणि हात त्या दोघांच्या मधे अडकला. बटण अडकवलेलं, त्यामुळे यंत्र थांबेना. गुरगुरत होतं आणि दाबत होतं.

ती ओरडली नाही. नुसतं म्हणाली, "बाबा, प्लग."

प्लग ह्यांच्या स्टुलामागे, हाताच्या अंतरावर. हे वळले. हात भिंतीवरच्या बटणाकडे गेला आणि बटणाच्या वरून निघून गेला. पुन्हा गेला, खालून गेला. डाव्या हातानं उजवा हात धरला त्यांनी, तर दोन्ही हात थरथरायला लागले. मी सुरी टाकून धावले. बाकाला वळसा घालून जावं लागलं, वाटेत फळ्या. किती वेळ गेला? आठ सेकंद, दहा सेकंद. घड्याळ लावलं तर काहीच नाही. मी वायर धरून ओढली, प्लग भिंतीतून निघाला, आणि खोलीत एकदम शांतता झाली. त्या शांततेत ह्यांचं बोट अजून बटण शोधत होतं.

रुग्णालयात मनगटाजवळची दोन्ही हाडं मोडल्याचं सांगितलं. शस्त्रक्रिया झाली, आत धातूची पट्टी आणि सहा स्क्रू बसवले. तरुण डॉक्टरांनी विचारलं, "कशानं झालं?" हे पुढे झाले. "टोकामुळे. मी टोक घासू दिलं नाही. त्या टोकाचे आटे जे असतात..." डॉक्टर लिहीत होते. त्यांनी लिहिलं, यंत्रामुळे इजा. हे पुढे बोलतच होते, आणि डॉक्टर दुसऱ्या खाटेकडे गेले तरी त्यांचं वाक्य संपलं नव्हतं. मी त्यांना बाही धरून बाहेर आणलं.

घरी आल्यावर घराचं गणितच बिघडलं. चिमणीला उजव्या हातानं जेवता येईना, ह्यांना कुठल्याच हातानं नीट जमेना. हे तिला भरवायला बसले एकदा. चमचा तोंडापर्यंत जाईस्तोवर निम्मा तिच्या मांडीवर. ती तोंड उघडून वाट बघत होती, सांडलेलं डाव्या हातानं गुपचूप पुसत होती. दोघांचे चेहरे बघवेनात मला. मी चमचा काढून घेतला आणि म्हटलं, "उठा, तुम्ही दोघं मिळून माझं काम वाढवता." मग दोघांना मीच भरवायला लागले, आळीपाळीनं. चिमणी म्हणाली, "आई, छत्तीस वर्षांनी पुन्हा सुरू केलंस." मी म्हटलं, "तेव्हा एकच तोंड होतं." हे हसले नाहीत.

व्यायामशिक्षक तीन वेळा आले. पहिल्यांदा फळं घेऊन, दुसऱ्यांदा नुसते. तिसऱ्यांदा दाराशीच उभे राहिले, चपला काढाव्यात की नाही या विचारात. शाळा सुरू व्हायला पंधरा दिवस राहिले होते. "ताई, तुमचं काम मला आवडलं होतं. पण..." चिमणीनंच त्यांची सुटका केली. "न्या सर. झालेले दोन खांबही न्या, बरोबर आहेत ते." टेम्पो आला. दांडे, खांब, सगळं गेलं. गाठीत पातं रुतलेला तिसरा खांब त्यांनी नेला नाही, तो बाकाशेजारी पडून राहिला. दुसऱ्या सुतारानं दांड्यांची टोकं तासून बारीक केली आणि बाजारातल्या पात्यानं भोकं पाडली, असं नंतर कळलं. झालं काम. काहीही बिघडलं नाही त्यात.

प्लास्टर निघालं. मग व्यायाम. तळहात खाली होतो, वर होत नाही. कुणी हातावर काही ठेवायला गेलं तर ते घरंगळून पडेल, एवढाच वळतो. चार महिने रोज केलं तिनं, दात आवळून. शेवटी डॉक्टरांनी तिचा हात धरून दोन्हीकडे वळवून बघितला आणि म्हणाले, "इतकाच राहील आता." त्यांनी चांगल्या शब्दांत सांगितलं. चांगल्या शब्दांनी हात वळत नाही. सुताराचं काम म्हणजे मनगट वळवणं, दुसरं काय असतं?

त्या आठवड्यात एका दुपारी कानशीचा आवाज आला. मी बाहेर येऊन बघितलं तर हे बाकावर. समोर कापडाची गुंडाळी उघडी, उरलेली बारा पाती रांगेनं मांडलेली. एक पातं शिकंज्यात आवळलेलं, आणि हे कानशीनं त्याचं टोक घासत होते. घासत कसले? हात थरथरत होता, कानस टोकावरून घसरायची आणि बाजूच्या धारेवर जायची. उस्तादांनी लावलेली धार, ह्यांनी इतकी वर्षं दगडावर जपलेली. तीन पाती आधीच तशी करून झाली होती. टोकंही गेली होती आणि धारही.

"अहो, काय करता?"

"घासतोय. उद्या कुणी वापरलं तर?"

"कोण वापरणार आहे?"

"कुणीतरी वापरेल ना. जगात माणसं आहेत."

चिमणी माझ्यामागे येऊन उभी राहिली होती. मला वाटलं, ती कानस काढून घेईल. ती गेली आणि बाकाच्या दुसऱ्या बाजूला बसली.

"बाबा, बटण मी अडकवलं होतं. मूठ मी काढली होती. तुम्ही हळू चालव म्हणाला होतात, मी हळू चालवलं नाही."

"तू कानस उचलली होतीस."

"उचलली होती आणि ठेवली. माझ्या हातानं ठेवली ना?"

"मी सांगितलं म्हणून ठेवलीस."

खरंच होतं ते. तिनं खोटं बोलून बघितलं असतं तर ह्यांनी लगेच ओळखलं असतं. मग हे पुन्हा कानस चालवायला लागले, पुन्हा घसरली. चिमणीनं डाव्या हातानं कानशीचं पुढचं टोक धरलं आणि दाबून ठेवलं. एका बाजूनं ह्यांचा थरथरता हात, दुसऱ्या बाजूनं तिचा डावा, ज्याला कानस कशी धरायची माहीत नव्हतं. त्या दोघांनी मिळून संध्याकाळपर्यंत सगळी पाती घासली. एकही धड राहिलं नाही. मी चहा केला, नेऊन ठेवला, गार झाला, पुन्हा केला.

आता चिमणी मापं घेते, नकाशे काढते, डाव्या हातानं हिशेबाच्या वहीतल्यासारखं सुबक लिहायला शिकली आहे. कापायचं, भोकं पाडायचं काम ती बाहेर देते. दुसरे सुतार येतात, ती त्यांना दाखवते, ते आपल्या पद्धतीनं करतात. चुकलं तर ती बोलते, पण बोलून झालं की हातात हत्यार घ्यायची तिची सवय होती, तो हात वर उठतो आणि पुन्हा खाली येतो. हे स्टुलावर बसतात. लाकूड उलट्या रेषेनं कापलं तरी आता काही म्हणत नाहीत. मी एकदा विचारलं, "ऐकू येत नाही का?" म्हणाले, "येतं."

गेल्या आठवड्यात साखरेच्या बरणीचं झाकण अडकलं. नवी बरणी, फिरवायचं झाकण. माझी बोटं सांध्यांतून सुजलेली, मला जमलं नाही. ह्यांनी घेतली, बरणीच हातात नाचायला लागली. चिमणीनं पोटाशी धरून डाव्या हातानं जोर लावला, चेहरा लाल झाला, झाकण तसंच. फडकं लावलं, गरम पाणी ओतलं, कडेला सुरीनं ठोकलं. चहा उकळून कडू झाला.

मी बरणी घेऊन शेजारी गेले. शेजारीण फोनवर बोलत होती. बोलता बोलताच तिनं बरणी घेतली, काखेत धरली, एका झटक्यात झाकण फिरवलं आणि परत दिली. मी घरी आले. दोघं टेबलाशी बसून माझी वाट बघत होते. मी तिघांच्या कपात साखर घातली, ह्यांचा कप अर्धाच भरला आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला.